भिंतीवरचे नाना

नाना,

आमच्या पुढच्या खोलीत तुमचा म्हणून जो फोटो लावलाय, तो तुमचा नाही. हे आधीच सांगून टाकते. फिरवून बोलायची मला सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. काचेमागे कोट-टाय घातलेला, गोरापान, मिशी नीट कातरलेला जो माणूस बसलाय तो माझ्या लग्नातला आचारी आहे. तुम्ही गेल्यापासून मी त्याला हार घालते. तुमच्या तिथीला त्याच्यापुढे पान वाढते, खीर-वडे ठेवते. पोरं परीक्षेला जाताना त्याच्या पाया पडतात. माझी मुलगी आरशात बघून म्हणते, "आई, माझं नाक आजोबांवर गेलंय." मी पोळ्या लाटत असते. मी म्हणते, "हो, गेलंय." हे मी म्हणते, नाना. जिच्या तोंडाला तुम्ही आयुष्यभर वचकून राहिलात ती मी. मागच्या महिन्यात तो आचारी वारला, आणि त्याच्या घरच्यांनी माझ्याकडेच त्याचा फोटो मागितला. नवऱ्याला सांगावं तर तो हसेल आणि आमच्या पिठाच्या गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवेल. म्हणून तुम्हाला सांगते.

तुमचा धंदा मला कधी आवडला नाही, तेही आजच सांगते. गंगेवर दहाव्याला माणसं यायची. दिंडोरीची, सिन्नरची, पार सटाण्याकडची. डोकी भादरलेली, डोळे सुजलेले. रामकुंडावर कोणीतरी त्यांना सांगायचं की पंचवटीत अमक्या गल्लीत एक पेंटर आहे, गेलेल्या माणसाचा मोठा फोटो करून देतो. मग ती माणसं आपल्या दारात. पिशवीतून, टोपीतून काहीतरी निघायचं. लग्नाच्या घोळक्यातलं तांदळाएवढं तोंड, नाहीतर मतदानाच्या कार्डावरचा फोटो, ज्यात प्रत्येक म्हातारी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. तुम्ही ते घेऊन स्टुडिओत जायचात, त्यावरून मोठा धुरकट फोटो काढून आणायचात आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून त्याच्यावर रंग चढवायचात. उजेड तिथंच चांगला म्हणून. आई गेल्यावर चूल माझ्या गळ्यात पडली, शाळा सहावीत सुटली, आणि मी भाकरी थापतेय तिथंच हातभर अंतरावर कोणाची तरी गेलेली सासू वाळत ठेवलेली. ब्रश तुम्ही चहाच्या कपात बुडवायचात. एकदा रंगाचं पाणी चहा समजून प्यालात आणि मला म्हणालात, "आज साखर कमी झाली गं."

आणि तुम्ही फसवायचात, नाना. तुम्हाला एकच कोट रंगवता यायचा. जन्मभर धोतर आणि बंडीत वावरलेला माणूस तुमच्या हातून निघताना तोच काळा कोट आणि तीच लाल रेघांची टाय घालून निघायचा. बायकांना हिरवी साडी आणि नथ. डावा कान सगळ्यांना एकच, कारण तो तुम्हाला चांगला जमायचा. सावळ्याला गव्हाळ करायचात, गव्हाळाला गोरा. तुमच्या सगळ्या म्हाताऱ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटायच्या. आणि माणसं न्यायला आली की तुमचं नाटक ठरलेलं. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. आधी पाणी द्यायचं, बसा म्हणायचं, प्रवास कसा झाला विचारायचं. मग सगळे गप्प झाले की एकदम फोटो फिरवायचा. तुम्ही फोटोकडे बघायचाच नाहीत, त्यांच्या तोंडाकडे बघायचात. आणि ते रडायचे! पुरुषच्या पुरुष रडायचे. "अगदी हुबेहूब हो! आता बोलेल असं वाटतं." पेढे द्यायचे, आणि तुम्ही ते घ्यायचात, लाजल्यासारखं करून दोन-दोन उचलायचात. मी आतून बघत असायची. मला वाटायचं, हे सगळे आंधळे आहेत की काय? ह्यांच्या घरात चाळीस वर्षं राहिलेला माणूस ह्यांना माहीत नाही?

तो एसटीचा कंडक्टर आठवतो का? सिन्नरचा. आईचा फोटो न्यायला आला होता, खाकीतच. तुम्ही फोटो फिरवलात आणि तो खाली बसला. गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. "आई हसतीय हो माझी. आईऽ." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलेला. मला राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, "दादा, तुमच्या आईला दात होते का?" त्याने वर बघितलं. म्हणाला, "नव्हते. म्हणजे मला कळतंय तेव्हापासून नव्हते." मी म्हटलं, "मग हे कोणाचे?" तुम्ही म्हातारीला अख्खी बत्तिशी दिली होती, नाना, जाहिरातीतल्या बाईसारखी. तो फोटोकडे बघत बसला. पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्याचं रडणं आपोआप थांबलं. डोळे पुसले, पैसे दिले आणि फोटो कागदात बांधून निघून गेला. पेढ्याचा पुडा द्यायचा त्याच्या लक्षातच राहिलं नाही. तो गेल्यावर तुम्ही आत आलात. मला वाटलं आता मुस्काटात बसेल. तुम्ही नुसतं म्हणालात, "काय मिळालं तुला?"

"खरं होतं ते बोलले."

"तू डोळे फाडून बघतेस. घरची माणसं तशी बघत नाहीत."

"मग कशी बघतात?"

"तुझं कोणी जाईल तेव्हा कळेल," असं म्हणालात. मग जीभ चावलीत, कारण आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी म्हटलं, "माझं गेलंय कोणीतरी. तिचाही काढलात तुम्ही. नथ घालून. आईकडे नथ कधी होती?" तुम्ही ब्रश कपात टाकलात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवले. मला वाटलं, जिंकले.

तुमचा स्वतःचा फोटो मात्र तुम्ही कोणाला काढू दिला नाहीत. जगाचे फोटो केले आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. मतदानाच्या कार्डासाठी शाळेत बोलावलं होतं तर रांगेतून पळून आलात. मी भांडले, तर म्हणालात, "मला काचेत घालायची घाई झालीय का तुला?" तुमच्या हातात फोटो आला म्हणजे माणूस मेलेला, असं तुमच्या डोक्यात बसलेलं. एकच फोटो तुमचा निघाला, तोही माझ्या लग्नात, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवलात. जेवणं फार चांगली झाली होती. मठ्ठा आणि जिलेबीचं कौतुक सासरची माणसं अजून करतात. ग्रुपफोटोला सगळे उभे राहिले आणि तुम्ही एकदम गायब. फोटोवाला ओरडतोय, नवरी उभी आहे, शालूत घामाने भिजलेय, आणि तुम्ही चुलाणावरून त्या आचाऱ्याला दंडाला धरून ओढत आणताय. "अरे ह्याला घ्या! आजचा खरा नवरदेव हा आहे!" तो बिचारा हात पुसत नाही-नाही म्हणतोय. कोणाच्या तरी डोक्यावरचा फेटा काढून तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवलात आणि त्याला माझ्या अंगाला, तुमच्या शेजारी उभं केलंत. माझी सासू तोंड वाकडं करून उभी. आणि फोटोवाल्याने बटण दाबलं तेव्हा तुम्ही मान वळवून त्याला सांगत होतात, "सरळ बघ, सरळ बघ." तो सरळ बघत राहिला. तुम्ही हललात.

नंतर ते कॉम्प्युटरवाले आले. बघता बघता गल्लोगल्ली झाले. तुमच्याकडे येणारी माणसं वाटेतच अडायला लागली. मी नाशिकरोडहून बसने यायची, गिरणीचं पीठ आणायची तुमच्यासाठी, तर तुम्ही त्याच ओट्यावर बसलेले, ब्रश कोरडे. एकदा मला मुद्दाम त्या दुकानासमोर घेऊन गेलात. काचेत एका म्हाताऱ्याचा फोटो लावला होता, मागे निळं आकाश, डोंगर, तोंडावर एक सुरकुती नाही. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "हा माणूस आहे का पेढा?" मी हसले. आपण दोघं एकाच गोष्टीला हसलो असं फार वेळा झालं नाही, म्हणून लक्षात आहे. मी म्हटलं, "तुम्ही तरी काय वेगळं करत होता?" तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "मी निदान माणसाकडे बघून खोटं करत होतो."

तुम्ही गेलात ते काही सांगून-सवरून नाही. दहावं झालं तशी आत्या मागे लागली. "तेराव्याला माणसं येतील, माझ्या भावाचा फोटो नको का? जगाचे केले त्याने." मी तुमच्या घरात सगळं उपसलं. माळ्यावर कागदात बांधलेली माणसंच माणसं, कोणी न्यायलाच न आलेली. तुम्ही कुठंच नाही. शेवटी माझ्या लग्नाचा अल्बम काढला आणि तो ग्रुपफोटो घेऊन त्याच कॉम्प्युटरवाल्याकडे गेले, पेढेवाल्याकडे. दुसरं कोण करणार होतं? दुकानात गर्दी. तो कोणाच्या तरी बारशाचं काहीतरी करत बसला होता. मला गिरणी होती, तेराव्याचं सामान आणायचं होतं, पाठीमागे आत्याचं रडणं. मी फोटोवर बोट टेकवलं. म्हटलं, "हा. फेटेवाला, मिशीवाला, माझ्या शेजारचा. फेटा काढून टाका, केस द्या, चांगले कपडे द्या." तो म्हणाला, "बघतो ताई, थांबा जरा, नीट दाखवा." मी म्हटलं, "त्यात काय दाखवायचंय, डोळे आहेत ना तुम्हाला?" आणि निघाले. तुम्ही आणि आचारी खांद्याला खांदा लावून उभे होतात, दोघांना फेटा, दोघांना मिशी. त्याने जो सरळ बघत होता तो घेतला. तुम्हीही तोच घेतला असता. हललेलं तोंड कोण घेतो?

तेराव्याला सकाळी नवऱ्याने फोटो आणून ठेवला, वर्तमानपत्रात बांधलेला. मी तो उघडला नाही. पुऱ्या तळत होते. बाहेर आत्याने कागद सोडला आणि तिचा आवाज आला, मोठ्याने. मग बाकीच्यांचा. मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. तुमच्या पाटावर आचारी. कोट, टाय, मागे निळं आकाश. तोंडावर कुठं काही नाही, गुळगुळीत. मी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं, नाना, शब्द जिभेवर होता. आत्याने काचेला कपाळ लावलं होतं. "माझा भाऊ बघतोय गं माझ्याकडे. बघ कसा बघतोय. जिवंत असताना कधी असं सरळ बघितलं नाही मेल्याने." शेजारचे काका, जे तुमच्याबरोबर रोज चहा प्यायचे, डोळे पुसत म्हणाले, "हुबेहूब. अगदी हुबेहूब." कोणीतरी मला पुढे ढकललं, हार हातात दिला. मी घातला. मग पुऱ्या करपल्या म्हणून कोणीतरी ओरडलं आणि मी आत पळाले.

त्या दिवशी बोलले नाही, म्हटलं उद्या बोलेन. उद्या आत्या गावाला गेली. पुढे आत्याही गेली. ती गेली तेव्हा वाटलं, आता बदलून टाकावा, कोण बघतंय. पण तोपर्यंत पोरं त्याला आजोबा म्हणायला लागली होती. आणि बदलून लावायचा कोणाचा? तुमचं ते हललेलं तोंड? मनात एक भीतीही होती. जिवंत माणसाला हार घातला तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. कोणी म्हणतं वाढतं. मी वाढतं हेच धरून चालले. बाजारात कोणी भेटलं की विचारायची, "ते आचारी बरे आहेत ना हो?" लोकांना वाटायचं, जिलेबी फार आवडलेली दिसतेय हिला.

मग मागच्या सिंहस्थाच्या वर्षी तो स्वतःच आला. नणंदेच्या मुलाची मुंज होती, नवऱ्यानेच त्याला बोलावलं ऑर्डर द्यायला, मला न विचारता. मी गिरणीतून आत आले तर तो पुढच्या खोलीत खुर्चीवर, आणि डोक्यावर भिंतीला तोच. मला घाम फुटला. वाटलं, आता हा वर बघणार आणि आता माझी शोभा होणार. त्याने वर बघितलं. उठून उभा राहिला. टोपी काढली.

"नाना ना हे?" म्हणाला. "काय माणूस होता ताई. हुबेहूब आलाय बरं का. आता हाक मारतील असं वाटतंय."

आणि त्याने हात जोडले. स्वतःला, नाना. डोळे मिटून, स्वतःच्या तोंडापुढे उभा राहून त्याने नमस्कार केला. मी दाराला धरून उभी. नवरा म्हणतोय, "अगं पाणी दे ना त्यांना." मी पाणी आणलं तर तो म्हणतो, "तुमच्या लग्नात मला फेटा बांधून फोटोत उभं केलं होतं त्यांनी. आचाऱ्याला कोण फोटोत घेतं ओ? लोक म्हणत्यात, भात झाला का, वरण झालं का. मी घरी लय जणांना सांगतो. तो फोटो कसा आला होता? मी काय बघितला नाय अजून."

मी म्हटलं, "अल्बम माळ्यावर आहे. आत्ता निघायचा नाही."

"ऱ्हाऊ द्या, पुढल्या टायमाला."

पुढल्या टायमाला तो मुंजीचा हिशेब करायला आला तेव्हा मी म्हटलं, अल्बम सासूबाईंकडे गेलाय. त्याच्या पुढच्या वेळी तो आल्याचं बघून मी गिरणीतून बाहेरच आले नाही, पट्टा तुटलाय म्हणून सांगितलं. माळा तीन हात वर होता. स्टुलावर चढून हात घातला असता तर अल्बम मिळाला असता आणि एक म्हातारा माणूस फेटा बांधलेला स्वतःला बघून घरी गेला असता. त्याने बघितला असता तर त्याने शेजारी तुम्हाला बघितलं असतं, आणि मग भिंतीकडे. मला तेवढं धाडस झालं नाही. कंडक्टरला दात दाखवणारी मी.

आणि मागच्या महिन्यात त्याची सून आली. निफाडकडची आहे, तोंडाने फटकळ, मला आवडली. गिरणीवर दळणाच्या रांगेत उभी राहिली, पण हातात डबा नाही. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मामंजी गेले आमचे. दहावं झालं. घरात फोटो नाय एकबी. मतदानाच्या कार्डावरचा हाय पण तो बघवत नाय. ते मरेस्तोवर सांगायचे, पंचवटीच्या नानांच्या पोरीच्या लग्नात फेटा बांधून फोटो काढलाय. तो मिळंल का ताई?"

मी गिरणी बंद केली. बायका ओरडल्या, त्यांना म्हटलं, उद्या या. तिला आत घेऊन गेले, भिंतीपुढे उभं केलं, आणि नाना, मी सगळं सांगितलं. बोट कसं टेकवलं, कशी निघून आले, हार कसा घातला, तो आला तेव्हा काय काय खोटं बोलले. दुसऱ्या कोणासमोर मी अशी कधी बोलले नाही. मान वर होत नव्हती. म्हटलं, "हे तुमचे मामंजी. मी चोरले तुमचे. घेऊन जा."

ती फोटोकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, "ताई, हे तर कोणीतरी सायेब हायेत."

"नीट बघ."

"नीटच बघतीय. मामंजींच्या भुवया चुलीनं जळालेल्या होत्या. ह्यांना बघा की, काढल्यासारख्या. आणि मामंजी असं कधी सरळ बसलेच नायत. तुमच्या वडलांचा फोटो तुम्ही मला कशाला देताय?"

मी तरी फोटो तिच्या काखेत देऊन टाकला. म्हटलं, सासूला दाखव, ती ओळखेल. तिने संसार केलाय. ती घेऊन गेली. आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती परत आली, फोटो वर्तमानपत्रात बांधलेला. "सासूबाई म्हणल्या, हा माणूस माझ्या घरात नको. म्हणल्या, परका पुरुष पाटावर बसवू का मी?" ती हसत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं. माझ्या घरात इतकी वर्षं जो 'तुम्ही' होता, तो त्याच्या स्वतःच्या घरी आचारीही नाही. म्हणजे कोणाचाच नाही. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून अल्बम काढला. लग्नानंतर तो तुमच्या तेराव्याला तेवढा काढला होता, मग कधीच नाही. तिने पान उलटलं आणि त्या घोळक्यात, तांदळाएवढ्या तोंडावर, क्षणात बोट ठेवलं. "हेच! अगंबया, हे बघा हात पुसतायत! हात पुसतायत बघा फेटा घालून!" आणि तिथंच खाली बसून पदर तोंडाला लावून रडायला लागली. डोळे पुसल्यावर म्हणाली, "आणि हे शेजारी हललेले कोण?"

"ते माझे वडील," मी म्हटलं.

तिने वाकून बघितलं. "काय सांगतायत त्यांना?"

"सरळ बघ म्हणून सांगतायत."

ती फोटो घेऊन गेली, मोठा करून परत देते म्हणाली. ती जायच्या आधी मी तुम्हाला बघून घेतलं. खरे तुम्ही होतात. मान वळलेली, तोंड उघडं, फेटा एका कानावर आलेला, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. मी डोळे फाडून बघितलं, मला तसंच बघता येतं. ओळखलं. आणि मला काही झालं नाही, नाना. कोणा दुसऱ्याच्या लग्नातला माणूस बघावा तसं वाटलं.

हे कागद कुठं जायचे नाहीत, म्हणून पुढचं लिहिते. मधले दोन दिवस ती भिंत मोकळी होती. सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी काचेवर बसलेलं पीठ पुसते, रोज, इतकी वर्षं. त्या दिवसांत फडकं घेऊन उठायची आणि नुसत्या खिळ्यापुढे उभी राहायची. जेवण जाईना. नवरा म्हणाला, फोटो दुरुस्तीला दिलास तर एवढं काय तोंड पाडून बसलीस. मी मनाशी म्हटलं, वडलांची आठवण येतेय, चांगलं आहे, एवढी तरी माया आहे माझ्यात. ती सून गेल्यावर मी फोटोवरचं वर्तमानपत्र सोडलं. त्याचं ते गोरं, गुळगुळीत, कोणाचंच नसलेलं तोंड बाहेर आलं, सरळ माझ्याकडे बघणारं. मला रडू फुटलं. तुमच्या तेराव्यालाही मी रडले नव्हते. मी त्याला तोंडभरून नाना म्हटलं आणि खिळ्याला लावलं.